काळं नेसू की नको?

संक्रांत जवळ आली की आपल्या या सदराकडे एकाच रंगाबद्दल पत्रं यायला लागतात, दरवर्षी. यंदा म्हटलं एकेक उत्तर इकडे तिकडे देण्यापेक्षा अख्खं सदरच काळ्याला देऊन टाकू. पाच प्रश्न घेतलेत. पत्रं थोडी कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, माझं माहेर सातारा, सासर गोव्यात फोंडा. मे महिन्यात लग्न झालं, ही पहिलीच संक्रांत. आईने काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने कधीचे घेऊन ठेवलेत. सासूबाई म्हणतात आमच्यात सणाला काळं अंगाला लावत नाहीत, त्यात तू नवी सून. वर शेजारच्या काकूंनी व्हॉट्सअॅप पाठवलाय की यंदा संक्रांतच काळं नेसून आलीय म्हणून काळं वर्ज्य. काय करू? (नवी सून, फोंडा)

आधी त्या मेसेजचं बघू. पंचांगात संक्रांतीचं वाहन, वस्त्र, ती कुठून येते कुठे जाते हे सगळं दरवर्षी दिलेलं असतं आणि ते वस्त्र दरवर्षी वेगळं असतं, मेसेज मात्र कुठल्या वर्षाचा कुठल्या वर्षी फिरतो ते कोणी बघत नाही. तुमच्या घरी जे पंचांग येतं ते उघडून सासूबाईंसोबतच वाच, तो विषय तिथेच मिटेल.

आता मुख्य गोष्ट. संक्रांतीला काळं का, तर थंडीत काळं कापड ऊब धरून ठेवतं असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते खरंच आहे, काळा रंग जवळपास सगळा उजेड शोषून घेतो आणि त्याची उष्णता होते. साताऱ्याच्या गारठ्यात हे पटतं गं, पण फोंड्यात जानेवारीच्या दुपारी पारा तिशीच्या वर असतो, इथे कोणाला ऊब हवीय? मला वाटतं हा घाटावरचा रिवाज इकडे काही घरांत लग्नसंबंधातून आला, काही घरांत आलाच नाही, आणि सासूबाईंचं घर त्या दुसऱ्यांतलं असेल. म्हणजे त्या मुद्दाम आडव्या येत नाहीयेत, त्यांनी त्यांच्या सासूकडून जे ऐकलं तेच सांगतायत.

पण काळं म्हणजे अशुभ हे मी मान्य करणार नाही. त्यांच्या गळ्यातल्या मंगळसूत्राचे मणी कुठल्या रंगाचे आहेत? बाळाच्या गालावर तीट कुठली लावतो? सांखळीच्या विठ्ठलाच्या देवळात जाऊन आलात तर कपाळावर बुक्का कुठला असतो? आपल्याकडे जे जपायचं असतं त्याला काळं लावतात, नजर त्यावर अडकावी म्हणून. आणि चंद्रकळेचं म्हणशील तर पांढराशुभ्र हलवा काळ्यावर जसा उठून दिसतो तसा दुसऱ्या कुठल्याच रंगावर दिसत नाही, बोरन्हाणाला बाळाचं झबलंही त्यासाठीच काळं शिवतात.

माझं ऐकशील तर हट्टाने नेसू नकोस आणि ट्रंकेतही ठेवू नकोस. संक्रांतीच्या सकाळी देवाला वाण देताना सासूबाई सांगतील ते नेस. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यातली एक संध्याकाळ मागून घे, आईला सांग विहीणबाईंना स्वतः फोन करून त्या साडीबद्दल बोल, किती हौसेने घेतली ते. आणि हलव्याचा हार तुझ्या गळ्यात सासूबाईंनाच घालायला सांग. माझ्या ओळखीच्या एका घरात असंच झालं आणि आता तिथल्या सासूबाईच डिसेंबरात विचारतात, यंदा तुझ्या काळ्या साडीला काठ कुठला गं.

प्रश्न : आमच्या वाड्यावरचे शेजारी अंकल वारले. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचंय. आपल्याकडे मयताला पांढरं घालतात, त्यांच्यात काळं. मी हिंदू असून काळं घातलं तर नाटकी दिसेल का? (कॉलेज विद्यार्थी, मडगाव)

नाही रे, अजिबात नाही. काळं असलं तर काळं, नाहीतर पांढरा किंवा राखाडी साधा शर्ट, फुलांचा नको, भडक नको, एवढंच. कडक दुखवटा घरच्यांचा असतो. जुन्या पद्धतीच्या घरांत बायका वर्षभर काळं घालतात, नवरा गेला तर कितीतरी आज्यांनी पुढे आयुष्यभर दुसरा रंग घातला नाही, पुरुष काळा टाय किंवा दंडावर काळी पट्टी लावतात. तू शेजारी आहेस, तुझं जाणं महत्त्वाचं. आणि नुसत्या पहिल्या दिवशी जाऊ नकोस, महिन्याची मीस (चर्चमधली प्रार्थना) असते तेव्हाही आंटींना भेटून ये, तोपर्यंत घर रिकामं झालेलं असतं आणि कोणी फिरकत नाही.

तू विचारलंयस म्हणून थोडं पुढचं. युरोपातला हा काळा दुखवटा जगभर ठसला त्यात राणी व्हिक्टोरियाचा मोठा हात आहे. नवरा १८६१ मध्ये गेला आणि १९०१ मध्ये ती स्वतः जाईपर्यंत, म्हणजे जवळपास ४० वर्षं, ती काळ्यातच राहिली. गंमत बघ, तिनेच १८४० मध्ये लग्नात पांढरा गाऊन घातला आणि पांढरी नवरीही तिच्यामुळेच लोकप्रिय झाली. पण पोर्तुगालच्या उत्तरेला मिन्हो म्हणून प्रांत आहे, तिथल्या व्हियाना दो कास्तेलो गावाच्या पारंपरिक पोशाखात नवरी काळ्या कपड्यात असते आणि छातीवर सोन्याचे दागिनेच दागिने. ज्या देशातून आपल्याकडे हा काळा दुखवटा आला त्याच देशात काळी नवरी! गुड फ्रायडेचंही तसंच, लोक अजून काळं घालून जातात पण पाद्री लाल वस्त्रात असतात, १९७० च्या नव्या प्रार्थनाविधीपासून तो रंग बदलला, आधी काळा होता.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा. गेली दोन वर्षं काळ्या टीशर्टशिवाय काही घालत नाही. दिवाळीलाही काळंच. घरातले म्हणतात याच्या मनात काहीतरी चाललंय. मलाही भीती वाटते. (आई, म्हापसा)

भीती समजते, पण रंगावरून निदान नको. जेवतो का नीट, झोपतो का, मित्र आहेत का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का, हे बघा. यातलं काही बिघडलं असेल तर तो गुलाबी घालत असला तरी डॉक्टरकडे न्या. सगळं ठीक असेल तर त्याला काळं आवडतं, विषय संपला.

आणि त्याची आवड काही वेडगळ नाही. एके काळी काळं कापड म्हणजे श्रीमंती होती, कारण खोल, न उडणारा काळा रंग बसवणं फार कठीण आणि महाग. सोळाव्या शतकात स्पेनचा राजा दुसरा फिलिप आणि त्याचा दरबार काळ्यात असायचा, मेक्सिकोच्या काम्पेचे भागातून येणाऱ्या लाकडापासून तो रंग काढायचे. हाच फिलिप पुढे पोर्तुगालचाही राजा झाला, म्हणजे तेव्हा गोव्यावरही या काळ्या कपड्यातल्या राजाचंच राज्य होतं. नंतर फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलने साधा काळा ड्रेस काढला, १९२६ मध्ये अमेरिकेतल्या व्होग मासिकाने त्याची तुलना फोर्ड गाडीशी केली, म्हणजे सगळ्यांना परवडेल, सगळ्यांना शोभेल असा. तोपर्यंत तिकडे काळं म्हणजे दुखवटा नाहीतर मोलकरणीचा गणवेश असं समजायचे. १९८१ मध्ये रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो हे दोघं जपानी फॅशन डिझायनर पॅरिसला आले ते ढगळ, काळे कपडे घेऊन, आणि लोक हादरले. आज मुलं जे ढगळ काळं घालतात त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

उन्हाळ्याचं तेवढं सांगा त्याला. अंगाला चिकटलेलं काळं पॉलिस्टर मे महिन्यात नको. सुती आणि सैल चालेल. वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब, काळे झगे का घालतात यावर १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं होतं, तर झगा सैल असेल तर काळा असो की पांढरा, आतल्या माणसाला लागणारी उष्णता सारखीच निघाली, जास्तीची उष्णता कापडाखालच्या हवेबरोबर निघून जाते. दिवाळीला काळा पण सुती कुर्ता शिवून द्या, दोघांचंही मन राहील.

प्रश्न : मी सावळी आहे. काळा ड्रेस घातला की आत्या म्हणते, काळ्यावर काळं कशाला, दिसणार तरी आहेस का. लहानपणापासून एकदाही घातला नाही. आता बहिणीच्या रिसेप्शनला घालावासा वाटतोय. (डिचोली)

घाल. अगं बाई, घालच.

हे वाक्य मी इतक्या मुलींच्या पत्रात वाचलंय की आता राग येतो. आत्याचं बोलणं ड्रेसबद्दल नाहीच, ते तुझ्या कातडीबद्दल आहे, आणि त्याचं ओझं तू का वाहायचं. ज्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवायला लोक पंढरपूरपर्यंत चालत जातात तो काळा, देव्हाऱ्यातला शाळिग्राम काळा, आणि घरातली लेक सावळी निघाली की डाळीच्या पिठाचे लेप. सावळ्या अंगावर काळं खूप सुंदर दिसतं, कारण कापड आणि त्वचा भांडत नाहीत आणि डोळे, हसू, दागिना पुढे येतो. जुनी चांदी घाल नाहीतर सोन्याचे मोठे झुमके, केसात अबोली. फोटो काढ. आत्या बोललीच तर वाद घालू नकोस, "मला आवडलंय" एवढंच म्हण आणि पुढच्या पाहुण्याकडे वळ.

प्रश्न : आजीची काळी सुती साडी कपाटात होती, घडी उघडली तर घडीवरच फाटत गेली. बाकीच्या तिच्याच वयाच्या रंगीत साड्या ठणठणीत आहेत. असं का? उरलेली कशी वाचवू? (पणजी)

काळ्या कापडाचं हे जुनं दुखणं आहे. पूर्वी काळा करायला हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं कापड, गूळपाण्यात आंबवलेल्या जुन्या लोखंडाच्या पाण्यात घालायचे. रंग सुंदर यायचा पण ते लोखंड हळूहळू धागा खातं. नंतरच्या काळात सुती काळ्यासाठी गंधकाचे रंग आले, अजूनही काळ्या जीन्सला तेच असतात, ते उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यातून थोडं थोडं आम्ल तयार होतं आणि कापड कुजल्यासारखं होतं. आपल्या पावसाळ्यात कपाटाचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या आजीची यातली कुठली हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण उपाय सारखाच.

प्लास्टिकच्या पिशवीतून आजच काढा. रंग जात नसेल तर साध्या थंड पाण्यात अलगद बुडवून काढा, साबण नको, पिळू नका, सावलीत आडवी वाळवा. मग जुन्या पांढऱ्या धुतलेल्या पंच्यात गुंडाळी करून ठेवा, घडी नकोच, म्हणजे एकाच रेघेवर ताण येणार नाही. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा कोरडा दिवस बघून हवेवर काढा. जिथे फाटलंय तिथे रफू करू नका, धागा सुईलाच तुटेल, मागून मऊ सुती कापडाचा तुकडा हलक्या टाक्याने लावा. नेसण्यासारखी राहिली नसेल तर पदर आणि काठ कापून नव्या काळ्या साडीला लावून घ्या, मडगाव म्हापशात असं काम करणाऱ्या बायका आहेत, थोडी चौकशी केलीत की मिळतील.