परसबागेच्या वाफ्याला कायमची कड कशाची घालावी? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

मे महिना लागला की परसबागेचे फोन सुरू होतात, आणि यंदा त्यातले निम्मे एकाच गोष्टीसाठी आहेत, की मॅडम वाफ्याला कड कशाची घालू म्हणजे दरवर्षी परत बांधत बसायला नको. बचत गटाच्या ताया विचारतायत, अंगणवाडीवाल्या विचारतायत, शहरात गच्चीवर भाजी लावणारे पण विचारतायत. एकेकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं म्हणून इथंच सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. रोपं तयार करायला आपण जो ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच गादीवाफा करतो त्याला कड वगैरे काही लागत नाही, रोपं उपटली की तो मोडायचाच असतो. मी बोलतेय ते पाच-दहा वर्षं एकाच जागी राहणाऱ्या, मेथी-पालक-वांगी-मिरचीच्या वाफ्याबद्दल.

"दोन वर्षांपूर्वी बांबू रोवून वाफे केले, आता हात लावला तरी मोडतायत. वाळवीचं औषध मारू का?"

हा प्रश्न मावळ भागातल्या एका गटाचा. त्यांच्याकडे जाऊन बघितलं मी. एक काडी धरून ओढली तर वरचा हातभर भाग अजून पिवळाधमक आणि कडक, आणि जिथं माती सुरू होते बरोबर त्या रेषेवर काडी काळी पडलेली, तिथंच मोडली. आत पोकळीत वाळवीनं ओली माती भरलेली. खाली अगदी खोल गेलेलं टोक मात्र बऱ्यापैकी शाबूत होतं. बांबू असो की लाकूड, सडतं ते याच रेषेवर, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथंच एकत्र मिळतात. त्यामुळे वरून चांगलं दिसतंय यावर कधी जाऊ नका. बिनप्रक्रियेचा बांबू मातीत दोन-तीन पावसाळे काढतो, त्यापुढं नाही, नीलगिरी आणि सुबाभळीच्या काठ्यांचं पण तेच.

ताई, औषध मारू नका. ज्या मातीतला पालक उद्या लेकरांच्या ताटात जाणार तिथं वाळवीचं औषध ओतायचं नाही, तेही वाफ्याच्या कडेला, जिथं मुळं जाऊन चिकटतात. आपल्याकडे कुंपणाचे डांब काळ्या ऑइलमध्ये नाहीतर डांबरात बुडवायची पद्धत आहे, ती कुंपणापुरतीच ठेवा. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले जड धातू उतरलेले असतात. बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात बुडवलेला बांबू घरात छताला छान टिकतो पण ओल्या मातीत ते मीठ हळूहळू धुऊन निघतं, म्हणजे बांबूचं संरक्षण गेलं आणि बोरॉन गेलं मातीत, ते जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुणी स्वस्तात देत असेल तरी भाजीच्या वाफ्याला नको, त्यात क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी तेल, मुरवलेलं असतं.

लाकूडच वापरायचं असेल तर जुन्या घराची निघालेली सागाची तुळई किंवा चौकट बघा, तीही गाभ्याची. सागाच्या बाहेरच्या पांढरट भागाला वाळवी लगेच लागते, गाभा बरीच वर्षं तग धरतो. ऑइलपेंट लावलेली असेल तर राहू द्या, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

"आमच्याकडे कोकणात चिरा सहज मिळतो, सिमेंटमध्ये बांधू की नुसता रचू?"

नुसता रचा दादा. तुमच्या आजोबांनी बागेभोवती गडगा, म्हणजे नुसत्या रचलेल्या दगडांची भिंत, घातला तो कुठल्या सिमेंटनं? मी रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीला असताना वाफ्याची कड म्हणून चिऱ्यापेक्षा बरं काही बघितलं नाही आणि आजही माझी पहिली पसंती तीच आहे. चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर राहून टणक होत जातो, वाळवीचा प्रश्न नाही, गंज नाही, आणि रचलेल्या चिऱ्यांच्या फटीतून पाणी आपोआप बाहेर पडतं. तुमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तिथं कडेनं पाणी अडवलं तर मिरचीची मुळं आठ दिवसांत कुजतात. सिमेंटनं सांधे बंद केले की नेमकं तेच होतं, वर आत साठलेल्या पाण्याच्या दाबानं भिंत बाहेर ढकलली जाते ते वेगळंच.

हिशोब असा. वाफा १० फूट बाय ३ फूट, म्हणजे चारी बाजूंची कड २६ फूट. चिऱ्याची मापं खाणीगणिक बदलतात पण १४ इंच लांब, ७ इंच उंच धरला तर एका थराला २३ चिरे, दोन थरांना ४६, आणि उंची मिळाली १४ इंच, भाजीला भरपूर झाली. खाली चार इंच खोल चर मारून मुरूम ठोकून घ्या, वरचा थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवून लावा, सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. रुंदी तीन-साडेतीन फुटांच्या वर नेऊ नका, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायची वेळ आली की वाफा उंच करण्यात काही अर्थच राहत नाही.

गडग्याच्या फटींमध्ये साप, विंचू बसतात ही भीती खरी आहे, विशेषतः अंगणवाडीत. मोठ्या फटी दगडाच्या चिपांनी ठासून भरा, आणि पोरांना कडेच्या फटीत हात घालायचा नाही हे पहिल्या दिवशीच सांगा.

"परभणीकडची काळी जमीन. विटा-सिमेंटमध्ये वाफे बांधले, दुसऱ्याच उन्हाळ्यात कोपऱ्यातून फाटले. मिस्त्रीनं फसवलं का?"

मिस्त्रीला बोल लावू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात तुमच्या शेतात भेगेत हात जातो की नाही? घराचा पाया आपण त्या मातीच्या खाली मुरमापर्यंत नेतो, पण फूटभर उंचीच्या वाफ्याला तेवढा पाया कोण खोदणार, आणि खोदूच नये, तेवढ्या पैशात चार वाफे होतील. एका शाळेच्या परसबागेला मीच पूर्वी पक्की बांधणी सुचवली होती आणि तिथंही हेच झालं, चारही कोपऱ्यांना वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी चीर, नळीनं पाणी घातलं की सगळं त्या चिरेतून बाहेर. पोरांनी फडकी कोंबून ठेवली होती त्यात. तेव्हापासून काळ्या जमिनीत मी सिमेंटनं जोडलेली कड कुणाला सांगत नाही. सुटी कड हलते, पण हलली तर दिवाळीनंतर एका सकाळी परत सरळ करता येते.

सुटी म्हणजे काय काय? शेतात निघालेला काळा दगड असेल तर तोच, फुकट आहे आणि नातवंडांच्या काळापर्यंत जाईल, सिमेंटशिवाय नुसती पवळ (दगडांची रांग) रचा. दगड नसेल तर शहाबादी फरशी उभी रोवा. दीड फूट रुंदीची घेतली तर सहा इंच जमिनीत, एक फूट वर, आणि दोन फरश्या जिथं भेटतात तिथं बाहेरून एक खुंटा किंवा दगड ठोकून आधार द्या, नाहीतर पावसात ओल्या मातीच्या वजनानं बाहेर कलतात. फरशीवाल्याकडे कोपरा उडालेल्या फरश्या पडून असतात, त्या मागा, आपल्याला पॉलिश थोडीच बघायचंय.

विटाच वापरायच्या तर नीट पक्क्या भाजलेल्या घ्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे, नखानं ओरखडा उठता कामा नये. पिवळट, कमी भाजलेली वीट दोन पावसाळ्यांत विरघळते, आणि खारं पाणी असलेल्या गावात तर लोणा (क्षार) लागून तिचे पापुद्रे निघतात. वरच्याच मापाच्या वाफ्याला ९ इंची विटेचे एकेरी चार थर म्हणजे साधारण १४० विटा लागतील. बांधकामावरचे उरलेले पांढरे हलके एएसी ब्लॉक बरेच जण विचारतात, ते भिंतीसाठी चांगले आहेत पण पाणी फार पितात, सतत ओल्या मातीला लावून ठेवायची ती वस्तू नाही.

आणि अजून एक, हे मनापासून सांगते. पाऊस कमी आणि जमीन हलकी असेल, माण-आटपाडीसारखी, तर वाफा उंच करायच्या मागे लागूच नका. उंच वाफा चारी बाजूंनी सुकतो. तिथं जमिनीच्या बरोबरीचा किंवा चार बोटं खोल वाफा करा, कडेला एक ओळ दगड लावा म्हणजे पाणी आणि पालापाचोळा आत राहील. परभणीत काळ्या जमिनीला पावसाळ्यात निचरा पाहिजे हे खरं, पण सहा-आठ इंच पुरे.

"सिमेंटच्या तयार पाट्या लावल्या, भेंडीची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा हिरव्या. सिमेंट बाधलं का?"

लक्षणं लोह मिळत नसल्याची आहेत. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो, आणि तुमच्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास आहे, त्यात भर पडली. पण सगळा दोष पाटीचा नाही, तुम्ही पाठवलेल्या फोटोत कडेची आणि मधली झाडं सारखीच पिवळी दिसतायत, म्हणजे मातीचं पण आहे. माती तपासून घ्या, तोवर शेणखत वाढवा आणि लोहाची फवारणी करा. पुढच्या वेळी सिमेंटच्या नव्या पाट्या किंवा कुंपणाचे नवे खांब वापरताना महिनाभर पाण्यानं धुऊन, उन्हापावसात ठेवून मग लावा. जुना तुटका सिमेंटचा खांब आडवा टाकला तर उलट उत्तम, त्याचा चुना कधीच निघून गेलेला असतो. कोकणात, माती आम्लधर्मी असल्यामुळे, हा प्रश्न सहसा येत नाही.

"टायर, जुने पत्रे, घरी पडलेलं काही चालेल का?"

टायर भाजीला नको. जुना सिमेंटचा पत्रा अजिबातच नको, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि तो कापताना-फोडताना उडणारी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, ती निघत नाही. जिथं आहे तिथं न फोडता राहू द्या. जस्ताचा पत्रा चालतो, जस्ताची भीती आपल्या काळ्या जमिनीत बाळगू नका, उलट बऱ्याच ठिकाणी जस्त कमीच आहे. अडचण उन्हाची. विदर्भात ४५ अंशाला पश्चिमेकडचा पत्रा हात लावू देत नाही, त्याला लागून असलेली मुळं शिजतात. लावायचाच तर त्या बाजूला बाहेरून पाचट टेकवा किंवा वेल सोडा. आणि पत्र्याची वरची धार मुडपून घ्या, नाहीतर तण काढताना मनगटाला लागते. घरची मंगलोरी कौलं उभी रोवून फार सुंदर कड होते, उंची बेताची मिळते, पालेभाजीला पुरते.

गांडूळखतासाठी मिळतो तो १२ फूट बाय ४ फूट बाय २ फूट एचडीपीई (विणलेल्या प्लास्टिकचा) बेड भाजीला वापरता येतो, आयएस १५९०७ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघून घ्या. दोन फूट भरायची गरज नाही, कड दुमडून फूटभर ठेवा. उंदीर कुरतडतात तेवढं लक्ष ठेवा.

"गच्चीवर विटांचे वाफे बांधायचेत."

थांबा आधी. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो जादा वजन धरून डिझाइन करतात, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४ किलो. फूटभर जाडीची ओली माती चौरस फुटाला ४५ ते ५० किलो भरते, विटांचं वजन अजून वेगळंच. इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर मातीचा वाफा नको, हे मी हात जोडून सांगते. तिथं कोकोपीट-कंपोस्टचं हलकं मिश्रण आणि उन्हाला टिकणाऱ्या यूव्ही प्रक्रियेच्या एचडीपीई बॅगा, त्याही खाली तुळई आहे त्या रेषेत, आणि विटांच्या तुकड्यांवर उचलून, म्हणजे पाणी मोरीकडे वाहतं राहील. सिमेंटच्या रिकाम्या गोणी नकोत, एका उन्हाळ्यात फाटतात.

भरण्याबद्दल थोडक्यात. १० बाय ३ चा फूटभर वाफा म्हणजे ३० घनफूट, ब्रासचा (१०० घनफुटांचा) तिसरा हिस्सा पण नाही, तेव्हा डंपर मागवू नका. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धवट कुजलेलं टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी तुम्हीच आत आणताय. तळाला प्लास्टिक अंथरू नका. पहिल्या पावसात माती चार बोटं खाली बसेल, तिथं परत शेणखतच घाला.

आणि कड उभी राहिली की माती भरायच्या आधी आत तीन-चार बादल्या पाणी ओता आणि बघत उभं राहा. पाणी एकाच कोपऱ्यात जाऊन साठत असेल तर तळ आत्ताच सारखा करून घ्या, माती भरल्यावर ते कुणीही करत नाही.