त्वचेचे प्रश्न : पट्ट्याने उठलेल्या दुखऱ्या गाठी

प्रश्न : वय ३४, ऐरोली. तीन वर्षांपासून डाव्या खांद्यावरून पाठीकडे बारा-पंधरा टणक तपकिरी गाठी पट्ट्यासारख्या उठल्या आहेत. ऑफिसात एसीखाली बसलं की कळ मारते, पर्सचा पट्टा घासला तरी जीव कळवळतो. आधी नागीण म्हणून गोळ्या घेतल्या, मग केलॉइड म्हणून इंजेक्शनं. आईची गर्भपिशवी फायब्रॉइडमुळे ३६व्या वर्षी काढली होती. हा कॅन्सर तर नाही?

उत्तर : वर्णन पायलोलायोमायोमाशी जुळतं. थंडीत अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या इवल्याशा स्नायूंमुळे. त्याच स्नायूंच्या या गाठी. गारव्याने त्या आवळतात आणि कळ येते. गाठी स्वतः कॅन्सरच्या नाहीत. नागिणीचे फोड पाण्याचे असतात, दोन-चार आठवड्यांत खपली धरून जातात. इथे फसवतो तो पट्टा. गर्भात त्वचेच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात, त्या ब्लाश्को रेषांवरूनही या गाठी उठतात.

आधी बायोप्सी. तोवर लेझर किंवा कॉटरीने जाळून घेऊ नका, तपासायला काही उरत नाही. जागा बधिर करून त्वचेचा गोल तुकडा काढणारा ४ मिमीचा पंच चरबीपर्यंत जायला हवा. गाठ आतल्या थरात असते, वरवर खरवडून ती हाती लागत नाही. तपासणीच्या फॉर्मवर आईचा इतिहास आणि ‘एफएच स्टेन’ (गाठीत एफएच हे प्रथिन आहे का ते रंग देऊन पाहणारी तपासणी) लिहून घ्या.

आम्हाला खरी काळजी त्या इतिहासाची वाटते. एफएच जनुकातल्या आनुवंशिक दोषात त्वचेवर अशा गाठी, कमी वयात मोठे फायब्रॉइड आणि काहींना मूत्रपिंडाचा कॅन्सर होतो. हा कॅन्सर गाठ लहान असतानाच पसरू शकतो, म्हणून गाठी एका पट्ट्यातच आहेत यावर निर्धास्त राहू नका. स्टेन नॉर्मल आला तरी जनुकाची रक्ततपासणी कराच. दोष निघाला तर दरवर्षी मूत्रपिंडांचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, बारीक छेदांचा. नुसत्या सोनोग्राफीत लहान गाठ निसटते. गर्भाशयाची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. दोष असलेल्या पालकाच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते आणि अशा मुलांचे एमआरआय साधारण आठ ते दहाव्या वर्षापासून सुरू करतात.

सगळ्यात दुखऱ्या दोन-तीन गाठी कापून काढता येतात. सगळ्या काढायचा हट्ट नको, आसपास नव्या उठतात. बाकीच्यांसाठी निफेडिपिन किंवा गॅबापेंटिन डॉक्टरांच्या सल्ल्याने; पहिल्याने रक्तदाब उतरतो, दुसऱ्याने झोप येते. एसीचा झोत थेट खांद्यावर येणार नाही अशी जागा मागून घ्या, पर्स उजव्या खांद्यावर अडकवा. आईच्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट घरात असेल तर पहिल्याच भेटीला सोबत न्या.