तीन बुधवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तीन बुधवार झाले, तू तालमीला नाहीस. खडेबाजारात तुझी आई भेटली म्हणून विचारलं, तर रात्री तुझा निरोप: "सर, भोगल्याशिवाय गाण्यात दर्द येत नाही. गीता दत्तचं बघा."

बघतो. तूही नीट बघ.

१९४६ साली 'भक्त प्रल्हाद'मध्ये गीता रॉय नावाच्या मुलीला, म्हणजे लग्नाआधीच्या गीता दत्तला, दोन ओळी मिळाल्या. त्या ऐकून सचिनदेव बर्मन यांनी तिला 'दो भाई'तलं 'मेरा सुंदर सपना बीत गया' दिलं. वय १६. फरीदपूरचं घर सोडून मुंबईला आलेलं बिऱ्हाड होतं, एवढं खरं. पण गुरुदत्त, संसार, बाटली यातलं काही तिच्या वाऱ्यालाही नव्हतं. मग तो दर्द कुठला? चालीतली जागा तिच्या कानाला दिसली आणि गळ्याला घेता आली. आणि हीच मुलगी १९५१ मध्ये 'बाजी'त 'तदबीर से बिगड़ी हुई' कशी झुलवत म्हणते, ऐक जरा. तूच म्हण, तिथं कुठलं दुःख कामाला आलं?

'वक्त ने किया' मलाही रडवतं. गुरुदत्तशी लग्न १९५३चं, हे गाणं १९५९चं. घरातली ओढाताण त्यात उतरली असेल. पण त्यामागं माइकपुढची बारा वर्षं आहेत रे! ती तुला का दिसत नाहीत? त्याच सुमारास तिला तालमीला वेळ देणं जमेना, आणि संगीतकार आशाबाईंकडे वळू लागले. दुःखानं हे नेलं. तालीम नेली.

१९६४ला गुरुदत्त गेले. पदरात तीन मुलं, पैशाची चणचण, दारू. तरी १९७१ मध्ये कनू रॉय यांच्या 'अनुभव'साठी ती उभी राहिली. वाद्यं मोजकी, सगळी भिस्त आवाजावर. ते गाणं दारूनं दिलं म्हणणाऱ्याला मी दारात उभा करणार नाही. पुढच्या वर्षी, २० जुलैला, ती यकृताच्या आजारानं गेली. ४१ वर्षांची होती. तुझ्या आईपेक्षा लहान.

मुलगी नाही म्हणाली, त्याचं दुखतंय, हे मला कळतं. रड, जेवू नकोस चार दिवस. पण तालीम चुकवू नकोस.

मी चुकवली. वडील गेले आणि वडगावातल्या मागावर बसलो. घरात खाणारी चार तोंडं, धाकटीचं लग्न व्हायचं. दुसरा काय करणार होता? लोक म्हणतात, यानं गाणं सोडलं. मी सोडलं नाही, मला सोडावं लागलं, हे आजही सांगतो. पण सातला माग बंद व्हायचा. सात ते नऊ मी कट्ट्यावर बसून नशिबाला शिव्या द्यायचो, आणि घराघरांतून धारवाड नाहीतर सांगली आकाशवाणीवरची गाणी ऐकू यायची. दोन वर्षांनी ऑर्केस्ट्रावाल्यांनी बोलावलं, तेव्हा वरचा सा लागेना. त्या दोन तासांचा हिशेब मला कुणालाच देता येत नाही.

आपल्या सुळेभावीचे कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, क्षयानं देवासला अंथरुणावर होते. डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं, तेही काही वर्षं. त्या दिवसांत माळव्यातली लोकगीतं कानावर पडत होती, ती ते साठवत राहिले. ज्याला गायची मोकळीक नव्हती त्यानं कान चालू ठेवले, आणि तुझी दोन्ही फुप्फुसं धड असताना तू मला दर्द शिकवतोस?

रागावलो. राहू दे.

बुधवारी सातला ये. पट्टी काळी एकच ठेवतो. तबल्याला पोरगा सांगून ठेवलाय, तो अनगोळहून सायकलनं येतो, त्याला ताटकळत ठेवू नकोस. 'बाजी'तलंच घेऊ.

तुझा,
सर