बांगड्याच्या पोटात गुंडाळी करून बसलेले पांढरे जंत दिसले, तर तो मासा खावा की टाकून द्यावा?

आपला प्रश्न असा आहे की, बांगडा साफ करताना आतड्यांभोवती आणि यकृतावर दोऱ्यासारखे बारीक, पांढरट जंत गुंडाळी करून बसलेले दिसले. मासा एरवी ताजा वाटत होता, मग तो खाण्याजोगा मानावा का? नीट शिजवून खाता येईल, कच्चा किंवा अर्धाकच्चा मात्र मुळीच नाही, असे माझे उत्तर आहे.

आपल्या वर्णनावरून त्या अ‍ॅनिसाकिस नावाच्या गोलकृमीच्या अळ्या असाव्यात. प्राणिशास्त्र शिकताना मी त्या जवळून पाहिल्या आहेत. अळी दोन-तीन सेंटीमीटर लांब आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि घड्याळातल्या स्प्रिंगसारखी चपटी गुंडाळी करून पातळ पारदर्शक पापुद्र्याखाली पडून राहते. सुईने तो पापुद्रा फाडून तिला कोमट मिठाच्या पाण्यात सोडले की गुंडाळी हळूहळू उलगडते आणि मेल्यासारखी वाटणारी ती अळी वळवळू लागते. हे एकदा पाहिले की कच्च्या माशाची भीती का घालतात, ते वेगळे सांगावे लागत नाही.

या जंतांचा मासा नासण्याशी काहीही संबंध नाही. अगदी आत्ता पकडलेल्या माशातही ते असतात, कारण ते त्याच्या पोटात समुद्रातच शिरलेले असतात. पूर्ण वाढ झालेला कृमी देवमासे आणि डॉल्फिन यांच्या जठरात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे पाण्यात पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्यांना क्रिलसारखे लहान कवचधारी जीव खातात, त्या जीवांना बांगड्यासारखे मासे खातात आणि अखेर मासा डॉल्फिनच्या पोटात गेला की हे चक्र पूर्ण होते. माणूस या साखळीत चुकून येतो. आपल्या शरीरात अळीची पुढची वाढ होत नाही, परंतु मरण्यापूर्वी ती जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात तोंड खुपसू शकते. तसे झाल्यास काही तासांतच पोटात तीव्र कळा, मळमळ आणि उलट्या सुरू होतात, आणि अळी जठरात असेल तर डॉक्टर दुर्बिणीतून चिमट्याने ती ओढून काढतात.

नेदरलँड्समध्ये हलके मीठ लावलेला हेरिंग मासा खाल्ल्याने होणाऱ्या या आजाराचे कारण १९६० मध्ये उजेडात आले. जपानमध्ये हा आजार विशेष आढळतो, आणि तिथे व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा हे त्याचे एक जुने निमित्त आहे. मीठ लावले, लिंबू पिळले, व्हिनेगरमध्ये ठेवले म्हणजे जंत मेले असे अनेकजण धरून चालतात. घरगुती पद्धतीत या गोष्टींवर विसंबू नये. मासा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापेल इतका शिजवावा, म्हणजे काट्यालगतचे मांसही अपारदर्शक होऊन सहज सुटले पाहिजे. कच्चाच खायचा असेल, तर उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमानात सात दिवस गोठवणे हा मान्य उपाय आहे; मात्र घरातले सगळेच फ्रीझर इतके थंड होत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

मासा मेल्यानंतर काही अळ्या आतड्यांतून बाहेर पडून मांसात, विशेषतः पोटाकडच्या पातळ भागात शिरतात. म्हणून मासा आणल्याबरोबर पोट साफ करावे, आणि गाबोळी ठेवणार असाल तर तीही उजेडात धरून पाहावी.

शिजवल्यामुळे एक धोका मात्र पूर्णपणे जात नाही. या कृमीतली काही प्रथिने उष्णतेने नष्ट होत नाहीत आणि ज्यांच्या शरीराला ती सोसत नाहीत त्यांना मेलेल्या अळीमुळेही अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा क्वचित धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. बांगडा खाल्ल्यावर असे घडले असेल, तर तो पुन्हा खाण्यापूर्वी अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्यावी, आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

जंत केवळ पोटात असतील, तर मी आतडी काढून, पोकळी खरवडून धुऊन मासा वापरतो. कापलेल्या मांसातच जागोजागी गुंडाळ्या दिसल्या तर टाकून देतो. शिजवल्यावर त्या अळ्या जिवंत राहत नाहीत हे ठाऊक असूनही घास उतरत नाही.