सरकारी शाळेतल्या दिव्यांग मुलाला काहीच येत नसेल तर जाब कुणाला विचारायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की भाचा निपाणी भागातल्या सरकारी मराठी शाळेत तिसरीला आहे, बौद्धिक अक्षमता आहे, दरवर्षी दिव्यांग मुलांच्या तपासणीचा कॅम्प होतो, स्पेशल टीचर येऊन जातात, रजिस्टरमध्ये सगळं बरोबर भरलेलं असतं पण पोराला तीन वर्षांत काही आलेलं नाही, तर सरकारला जाब विचारता येतो का.

येतो दादा. पण कसा विचारायचा ते कळायला मला चार वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी लेक आता आठवीला आहे, तिलाही मध्यम बौद्धिक अक्षमता आहे, आम्हीपण बेळगाव जिल्ह्यातलेच, गाव सांगत नाही कारण ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याशीच अजून रोजचं काम आहे. २०१८ ला पहिलीत घातली. २०२२ ला पाचवीत गेली तेव्हा मी पहिल्यांदा तिची फाईल बघायला मागितली, तोपर्यंत अशी काही फाईल असते हेच मला माहीत नव्हतं. चार वर्षांची चार पानं, सगळी कन्नडमध्ये, आणि चारी पानांवर शेवटी एकच ओळ, प्रगती इदे. म्हणजे प्रगती आहे. कसली प्रगती, कुठून कुठपर्यंत, काही नाही. त्यातली दोन वर्षं तर लॉकडाऊनची, शाळेला कुलूप, टीचर कुणी आले नाहीत, तरी प्रगती इदे.

आणि त्याच फाईलमध्ये दुसऱ्या कागदावर लिहिलेलं की मुलीला अक्षरओळख नाही. मी गोंधळले, कारण पोरगी घरात कॅलेंडरवर बोट ठेवून ग गवताचा, म मगरीचा करत बसायची. मग मुख्याध्यापकांनी सांगितलं की तपासायला आलेल्या टीचरनी कन्नड अक्षरांची कार्डं दाखवली होती. शाळा मराठी, शिकवतात मराठीत, तपासलं कन्नडमध्ये, आणि लिहून टाकलं की येत नाही. तुमच्या भाच्याचंही हे सगळ्यात आधी बघा, कारण आपल्या भागात हे कुठेही होऊ शकतं. मला कन्नडचा राग नाही, लेकीला कन्नड यायलाच पाहिजे, इथंच राहायचंय तिला. पण लहान मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्याने सोय करावी असं घटनेच्या ३५० अ कलमात आहे, आणि ज्या भाषेत शिकवलं त्याच भाषेत तपासा एवढं मागणं काही जास्त नाही.

टीचरवर मात्र चिडू नका. ब्लॉकवरून येणाऱ्या रिसोर्स टीचरकडे एकेकाला कितीतरी शाळा असतात, बस पकडून फिरतात बिचाऱ्या, महिन्यातून एकदा तासभर आल्या तर त्या तासात पोराचं काय होणार. सुप्रीम कोर्टाने २०२१ ला केंद्राला हे प्रमाण ठरवायला सांगितलं, २०२२ ला केंद्राने ठरवलं की पहिली ते पाचवीला अशा १० मुलांमागे एक स्पेशल टीचर पाहिजे आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक, आणि २०२५ च्या मार्चमध्ये कोर्टाने परत सगळ्या राज्यांना सांगितलं की पदं मंजूर करून जाहीर करा. म्हणजे जाब वर विचारायचा आहे, त्या बाईंना नाही.

आता मुद्दा. सरकार मोजतं काय ते बघा. दरवर्षी शाळेची माहिती युडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या नोंदणीत, भरतात, त्यात रॅम्प आहे का, रॅम्पला धरायला रेलिंग आहे का, या मुलांसाठी वेगळं टॉयलेट आहे का, किती मुलं आहेत, किती जणांना साहित्य दिलं हे सगळं विचारतात. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेमध्ये अशा एका मुलामागे वर्षाला ३५०० रुपये धरलेले असतात, मुलींना महिना २०० प्रमाणे १० महिन्यांचा स्टायपेंड, तो पैसा खर्च झाला का हे पण बघतात. आणि हे बघायलाच पाहिजे, रॅम्प नसेल तर पोर वर्गात जाणारच नाही. पण पोर वर्गात गेल्यावर काय शिकलं, गेल्या जूनला काय येत नव्हतं आणि या मार्चला काय येतंय, हे विचारणारा रकाना मला कुठेच दिसला नाही. कॅम्प झाला, फोटो काढला, काम संपलं.

आणि कायदा तर नेमकं हेच विचारायला सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १६, त्यातला सातवा मुद्दा. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याने गाठलेली पातळी आणि शिक्षण पूर्ण झालं का यावर लक्ष ठेवायचं, ही जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थांची आहे. एकूण किती मुलं एवढ्यावर भागत नाही, प्रत्येक मूल असं लिहिलंय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री बराच वेळ झोप आली नाही, कारण माझी पोरगी त्या प्रत्येकमध्ये येते आणि तिच्या वाट्याला चार वर्षांत एक ओळ आली होती.

हे शोधताना अमेरिकेचं पण वाचलं. तिथे असा कायदा १९७५ पासून आहे, आणि तिथेही कितीतरी वर्षं फक्त फॉर्म वेळेत भरला का, मीटिंग वेळेत झाली का एवढंच तपासायचे. २०१४ ला त्यांच्या शिक्षण खात्याने ठरवलं की मुलं प्रत्यक्षात काय शिकली हे पण धरायचं. आदल्या वर्षी ४१ राज्यं आणि प्रदेश पास होते, नव्या पद्धतीने १८ च राहिले. मुलं तीच, शाळा त्याच, फक्त प्रश्न बदलला. नंतर २०१७ ला कोलोरॅडोतल्या एका ऑटिझम असलेल्या मुलाच्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नावाला थोडीशी प्रगती दाखवून चालणार नाही, त्या मुलाच्या परिस्थितीप्रमाणे त्याची योग्य प्रगती होईल असाच प्लॅन पाहिजे. त्यांचा कायदा आपल्याला लागू नाही, पण हा प्रश्न आपल्याला विचारता येतोच की.

एक भीती मात्र मला वाटते ती सांगते. उद्या सरकारने सगळ्यांना एकच पेपर दिला आणि मार्क मोजायला लागलं तर शाळा या मुलांना घेणारच नाहीत, नाहीतर घरी शिकवतोय असं दाखवून पटावर नुसतं नाव ठेवतील. म्हणून प्रगती मोजायची ती त्या पोराच्या स्वतःच्या ध्येयावर, आणि ते ध्येय आधी कागदावर पाहिजे.

म्हणून तुम्ही पहिलं काम हे करा, भाच्याच्या आईवडिलांना घेऊन शाळेत जा आणि त्याचा आयईपी, म्हणजे त्याच्यासाठीचा वैयक्तिक आराखडा, त्याची झेरॉक्स मागा. नसेल तर नाही असं लिहून घ्या. असेल तर त्यात मोजता येण्यासारखं काय आहे ते बघा. नसणारच बहुतेक. मग टीचरबरोबर बसून वर्षाची फक्त तीन ध्येयं लिहा, तारखेसकट, दोन्हीकडच्या सह्या घ्या आणि एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, मीटिंगमध्ये नोंद करायला लावा.

आमचं एक ध्येय सांगते. २०२३ च्या जूनमध्ये शक्ती योजना आली, बायकामुलींना बस फुकट झाली, पण कुठल्या बसमध्ये चढायचं ते कळायला पाहिजे ना. बसचा बोर्ड कन्नडमध्ये. म्हणून लिहिलं, आमच्या गावाचं नाव कन्नड बोर्डवर बघून ओळखणे, दहा वेळा विचारलं तर सात वेळा बरोबर, मार्चपर्यंत. शाळेतल्या बाईंनी पुठ्ठ्यावर बोर्ड करून दिला, मी रोज स्टॉपवर उभी राहायचे, मार्चला तिला सात नाही आठ वेळा जमलं. दुसरं ध्येय होतं दुकानातून सुटे पैसे मोजून परत आणणे, ते जमलं नाही, आणि फाईलला तसंच लिहिलं, जमलं नाही, पुढच्या वर्षी १० च्या नोटेपासून परत सुरू. त्या प्रगती इदे पेक्षा हे जमलं नाही मला लाख पटीने बरं वाटलं, कारण त्याच्यापुढे काय करायचं ते लिहिलेलं होतं.

शाळेने दाद दिली नाही तर बीईओ, म्हणजे ब्लॉकच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला लेखी अर्ज, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. पोचेवर इनवर्ड नंबर आणि तारीख पाहिजे. मग माहिती अधिकार, फी १० रुपये, कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंत, उत्तराला ३० दिवस. अर्ज कायद्याप्रमाणे इंग्लिश, हिंदी नाहीतर इथल्या राजभाषेत, म्हणजे मराठीत दिला तर परत यायची शक्यता आहे, मी शेजारच्या कॉलेजच्या पोरीकडून कन्नडमध्ये लिहून घेतला. विचारायचं एवढंच, कलम १६ च्या सातव्या मुद्द्याप्रमाणे या मुलाच्या गाठलेल्या पातळीची गेल्या तीन वर्षांची नोंद द्या. का केलं नाही असं विचारू नका, मतं मागितली की फेटाळतात, नोंद मागितली की एकतर द्यावी लागते नाहीतर नाही असं लिहावं लागतं. आणि नाही असं लिहून आलं की तोच कागद पुढे चालतो.

पुढे म्हणजे बेंगळुरूला राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांनी शिफारस केली की त्या खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, मान्य नसेल तर कारण द्यायचं, असं त्याच कायद्यात आहे. आमचं तिथपर्यंत गेलं नाही, माहिती अधिकाराचा अर्ज गेल्यावर तीन आठवड्यांत टीचर घरी आल्या, मराठी अक्षरांची कार्डं घेऊन.

भाच्याचा एसएटीएस नंबर (कर्नाटकात शाळेतल्या मुलाला मिळतो तो) आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हाताशी ठेवा, प्रत्येक अर्जावर घाला, नाहीतर कुठलं मूल म्हणून कागद परत येतो. आणि झेरॉक्स द्यायला शाळेने टाळाटाळ केली तर इथंच खाली लिहा, माझ्या अर्जाचा कन्नड मजकूर टाइप करून टाकते, नाव आणि नंबर तेवढे बदला.