पोरं हॉस्टेलला, जीव टांगणीला

बोर्डिंग हा शब्द कोल्हापूरला नवा नाही. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढे दसरा चौकाच्या परिसरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. परगावची पोरं सांभाळायची सवय या गावाला शंभरहून अधिक वर्षांची. आपलं पोर पुण्या-मुंबईला ठेवायची वेळ आली की मात्र घरोघरी धांदल उडते. या महिन्यातली बहुतेक पत्रं त्याच विषयावरची आहेत. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, बारा दिवस झाले. रोज रात्री साडेदहाला फोन करून रडते, ‘आई, मला घेऊन जा’ म्हणते. हे म्हणतात, गाडी काढू या. सासूबाई म्हणतात, कोल्हापुरात काय कॉलेजं नाहीत? मला काहीच सुचत नाही.
– एक आई, शिवाजी पेठ

गाडी काढू नका. घरची अशी ओढ पहिल्या सेमिस्टरला बहुतेकांना लागते आणि साधारण तीन ते सहा आठवड्यांत ती आपसूक निवते. तुमच्या बाबतीत खरी अडचण अंतराची आहे, तेही कमी असण्याची. दिल्लीला गेलेलं पोर मनात आलं तरी येऊ शकत नाही, म्हणून तिथंच रुळतं. पुण्याचं पोर शुक्रवारी रात्री स्वारगेटला एसटीत बसतं, पहाटे कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडला उतरतं आणि रविवारी दुपारी पुन्हा डोळे पुसत निघतं. हॉस्टेलमधल्या ओळखी नेमक्या शनिवार-रविवारीच होतात: कपडे वाळत घालताना, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा चौघींनी मिळून बाहेर जेवायला जाताना. तुमची लेक दर शनिवारी घरी आली तर तिच्यावाचून गट जमतात आणि सोमवारी ती पुन्हा परकी.

पहिली फेरी दिवाळीचीच, असं ठरवून टाका आणि येण्याजाण्याचं तिकीट आजच काढून तिच्या फोनवर पाठवा. ‘कधी येऊ’ हा प्रश्न मिटला की रडण्याची धार बरीच कमी होते.

दुसरी गोष्ट फोनच्या वेळेची. साडेदहा ही सगळ्यांत वाईट वेळ. दिवसभराचा शीण, रूममेट झोपायच्या बेतात, खोलीतला दिवा मालवलेला. त्यात आईचा आवाज कानावर पडला की बांध फुटणारच. फोन संध्याकाळी साडेसातला घ्या, मेसला जायच्या आधी, पंधरा मिनिटांचा. फोन ठेवला की तिला ताट घेऊन रांगेत उभं राहायचं असतं, उरलेलं रडायला सवड मिळत नाही. आणि ‘जेवलीस का?’ विचारू नका, त्याला ‘हो’खेरीज उत्तर नसतं. ‘आज भाजी कसली होती? शेजारी कोण बसलेलं?’ असं विचारा. आठ-दहा दिवसांत एखादं नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं की समजा, गाडी रुळावर येतेय. तुमचं स्वतःचं रडणं बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी मोकळं करा. ‘तुझ्याशिवाय घर खायला उठतं’ हे वाक्य लेकीला ऐकवलंत तर तिच्या ओझ्यात तुमचंही ओझं पडतं.

काही लक्षणं मात्र घरच्या ओढीत मोडत नाहीत. सलग दोन आठवडे झोप किंवा जेवण तुटणं, वर्ग चुकवणं, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रासच होतो’ असली भाषा. यातलं काही दिसलं तर कॉलेजच्या समुपदेशकाला गाठा किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर बोला, तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जगणंच नको असं ती म्हणाली तर त्याच रात्री गाडी काढा आणि पोहोचेपर्यंत रेक्टरना किंवा रूममेटला तिच्याजवळ बसायला सांगा.

एकदा सरळ हेही विचारा की कुणी सीनियर त्रास देतं का. मुली हे आपणहून सांगत नाहीत. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या फुकटच्या नंबरवर करता येते. महाराष्ट्रात यासाठी १९९९ पासून वेगळा कायदा आहे आणि लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांना चौकशी करावी लागते. म्हणून फोनवर भांडण्यापेक्षा अर्ज द्या आणि पोच घ्या.

मुलाला मुंबईत महिन्याला आठ हजार देतो. हॉस्टेल, मेस वेगळं भरलंय. तरी आठवड्याला ‘पप्पा, पाचशे टाका’ असतंच. हिशेब विचारला की चिडतो.
– वडील, कागल

पहिल्या महिन्याचा हिशेब सोडून द्या. गादी, बादली, कुलूप, एप्रन, ड्राफ्टर, झेरॉक्स यांत तो जातो. खरा आकडा दुसऱ्या महिन्यापासून कळतो.

एक तारखेला आठ हजार एकदम हातात आले की दहा तारखेपर्यंत जहागीर असते. त्याऐवजी दर सोमवारी सोळाशे टाका. पाच सोमवारांच्या महिन्यात बरोबर आठ हजार होतात, चार सोमवारांच्या महिन्यात उरलेले सोळाशे औषधपाणी आणि प्रवासासाठी बाजूला राहतात. सोमवारच का? शुक्रवारी टाकलेले पैसे रविवारी रात्री संपलेले असतात.

ते पाचशे कुठं गळतात ते आम्ही सांगतो. मेस नऊच्या सुमाराला बंद होते आणि पोरं एक-दोनपर्यंत जागतात. अकराला भूक लागते, मग मोबाइलवरून मागवलेलं काहीही डिलिव्हरीसकट दीडशे-दोनशेच्या घरात जातं. आठवड्यातून तीनदा हे झालं की तुमचे पाचशे सापडले. खोलीत शेंगदाणे, गूळ, भाजके फुटाणे ठेवायला लावा, यातले निम्मे तरी वाचतील.

‘यूपीआय सर्कल’ वापरू का, असं बरेच जण विचारतात. त्यात मुलगा थेट तुमच्या खात्यातून खर्च करतो. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला १५,००० आणि एका व्यवहाराला ५,००० रुपयांची मर्यादा असते. सोय चांगली आहे, पण त्याच्या प्रत्येक वडापावची घंटी तुमच्या खिशात वाजणार. अठरा वर्षांच्या पोराला हा पहारा सोसत नाही आणि तुम्हालाही झोप लागणार नाही. आमचं मत, नको.

कडक व्हायचंच तर एका बाबतीत व्हा. बँक खातं, एटीएम कार्ड, सिम कुणालाही ‘चार दिवस वापरायला’ द्यायचं नाही. कॉलेजच्या मुलांना दोन-पाच हजारांची लालूच दाखवून त्यांची खाती भाड्यानं घेतली जातात आणि त्यांवरून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. पैसे फिरवणारा नामानिराळा राहतो, सायबर पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावानं निघते आणि पत्ता कागलचा असतो. चूक होऊन गेलीच असेल तर लपवायची नाही, आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं, हेही आत्ताच सांगून ठेवा.

मुलीचा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा फॉर्म अडकलाय. ओटीपी माझ्या फोनवर येतो, मी दिवसभर रानात, रेंज नाही.
– शेतकरी पालक, करवीर तालुका

आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्यासाठी तिनं कोल्हापूरला यायची गरज नाही, तिकडच्या आधार केंद्रावरही होतं. कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे लागतात. तोवर फॉर्म रात्री आठनंतर, तुम्ही घरी असताना भरा.

खरी फसगत बँकेत होते. खात्याला आधार नंबर नोंदवलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे थेट येण्यासाठी (म्हणजे डीबीटीसाठी) ते खातं आधारशी सीड केलेलं, म्हणजे जोडलेलं असणं वेगळं. शेवटचं सीडिंग ज्या बँकेत झालं तिथंच शिष्यवृत्ती जाते. गावच्या बँकेतलं शाळेच्या वेळचं खातं दोन वर्षं व्यवहाराविना पडून राहिलं असेल तर ते निष्क्रिय होतं आणि पैसे लटकतात. तिनं रोजच्या वापरातल्या खात्याच्या शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी सीडिंग करा’ असंच लिहून द्यावं.

उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल, तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल-मेस त्यात येत नाही. त्यासाठी, अटींत बसत असाल तर, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज त्याच पोर्टलवर वेगळा करावा लागतो. तो करायचा राहिला, असं सांगणारे पालक दर वर्षी भेटतात.

दसरा झाल्यावर नातवाला कडाकण्या, ओल्या खोबऱ्याच्या वड्या आन् मटणाचं लोणचं धाडलं. लोणच्याला बुरशी आली म्हणं. आता काय धाडावं? आन् चहाला विजेची किटली घेऊन द्यावी काय?
– आजी, गडहिंग्लज

आजी, कडाकण्यांत पाणी नसतं म्हणून त्या टिकल्या. मटणात ओल राहते, हॉस्टेलच्या खोलीत फ्रीज नाही, आणि चार पोरांचे ओले चमचे एकाच बरणीत. बुरशी येणारच. वरची काढून खालचं खाऊ नकोस, असं त्याला आवर्जून सांगा. ओलं खोबरंही नको.

शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी धाडा. कांदा-लसूण चटणी तर हवीच, मेसची पाणचट आमटी तिच्यामुळेच घशाखाली उतरते. पण एक किलोची बरणी नको. सुकं खोबरं, तीळ, दाणे यांचं तेल उघड्या हवेनं खवट होतं, म्हणून पाव पाव किलोच्या घट्ट झाकणाच्या बरण्या करा आणि एका वेळी एकच उघडायला सांगा.

भडंग करताना पाव किलो चुरमुऱ्यांना पाऊण वाटी तेल आणि लसणाचे दोन गड्डे पुरतात. लसूण ठेचून तेलात पार कडक होईपर्यंत तळा, नुसता गुलाबी झाल्यावर थांबू नका. त्याच्यात ओल राहिली की भडंग दोन दिवसांत मऊ पडतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, वाफेचं पाणी धरतं. आणि थोडं जास्तच धाडा. भडंगाचा डबा उघडला की मजल्यावरची सगळी पोरं गोळा होतात, नातवाच्या ओळखी त्यातूनच होतील.

किटली नको. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढते आणि खोलीतलं साधं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. वायर तापते, फ्यूज जातो, मजल्यावर अंधार होतो आणि रेक्टर किटली जप्त करतात. थर्मास द्या, मेसमधून गरम पाणी भरून आणता येतं.

एकुलता एक मुलगा नागपूरला गेला. सकाळी सहाला जाग येते आणि डबा करायचा नाही हे आठवतं. भाकरी चारऐवजी आठ होतात. यांचं तर बोलणंच खुंटलंय, रोज संध्याकाळी त्याची मोटारसायकल पुसत बसतात.
– राजारामपुरी

पीठ तुम्ही डोळ्यांच्या अंदाजानं घेता, आणि डोळ्यांना जुनं माप पाठ आहे. मोठी परात माळ्यावर टाका, लहान काढा. पिठाच्या डब्यातली वाटीही बदला. भांडं लहान झालं की हात आपोआप आवरतो. दूध एकदम निम्म्यावर आणू नका, आधी अर्धा लिटर कमी करून आठवडा काढा. सहाची जाग मात्र मोडू नका. उशिरापर्यंत लोळत पडलं की दिवस आणखी लांबतो.

मोटारसायकल पुसून टिकत नाही, चालवून टिकते. नुसती स्टँडवर दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर सेल्फनं ओढलेली वीज बॅटरीत परत भरत नाही. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं तरी रस्त्यावर फिरवायला हवी. दिवाळीपर्यंत हातच लावायचा नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. पण फिरवणंच बरं. रंकाळ्यापर्यंत फेरी होते, मागच्या सीटवर तुम्ही बसा. समोरासमोर बसून न बोलणारे नवरे गाडी चालवताना बोलतात, हा बऱ्याच घरांतला अनुभव आहे.

मुलाची खोली हे सेमिस्टर तरी आहे तशी राहू द्या. चादर बदला, पण टेबल हलवू नका, तिथं पाहुण्यांचा पलंग तर नकोच. आणखी एक. पाळी जाण्याचं वय आणि मुलं बाहेर पडण्याचं वय बहुधा एकच येतं. रात्रीचा घाम, झोपमोड, कारण नसताना डोळे भरणं हे सगळं मुलाच्या खाती लिहू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या.

धाकटा दिवाळीला येतोय. थोरला पहिल्या वर्षी आला तो बारापर्यंत झोपला आणि उरलेला वेळ मित्रांत गेला. या वेळी काय करावं?
– उत्तरेश्वर पेठ

पहिले दोन दिवस झोपू द्या, हॉस्टेलमध्ये झोपेची उधारी मोठी साठते. तुम्हाला हव्या त्या दोनच वेळा आधी फोनवर मागून घ्या: नरक चतुर्दशीची पहाटेची अंघोळ आणि एका दुपारचं तांबडा-पांढऱ्याचं जेवण. बाकी वेळ त्याचा. मार्क विचारणाऱ्या पाहुण्यांना तो असताना बोलावू नका, दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत परीक्षा लागतात आणि त्याच्या पोटात तेवढाच गोळा असतो. बॅगभर मळके कपडे येतील. ते धुवायला मशीन त्याला लावू द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. परतीसाठी भाऊबीजेनंतरचा रविवार टाळा. खासगी गाड्यांना एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही, पण त्या रविवारी तेवढं देऊनही जागा मिळेलच असं नाही. सोमवारी सकाळची एसटी आत्ताच आरक्षित करा.