'बिभत्स' विनोद? आधी ती वेलांटी सुधारा

प्रश्न असा: 'यंग फ्रँकेनस्टाइन' पाहताना घाबरायच्या जागी पोट धरून हसलो. भयकथेची अशी टर उडवणाऱ्या काळ्या विनोदाला मराठीत 'बिभत्स विनोद' म्हणावं का?

'बिभत्स' असा शब्दच नाही हो! मथळ्यांत, मालिकांच्या जाहिरातींत, परवा तर एका नाट्यस्पर्धेच्या निकालपत्रात, जिकडेतिकडे पहिली वेलांटी. दुसरी वेलांटी काय हौसेखातर आहे? पाणिनीचं सूत्रच आहे: 'मान्बधदान्शान्भ्यो दीर्घश्चाभ्यासस्य'. या चार धातूंना 'सन्' प्रत्यय लागला की सुरुवातीचं अक्षर दुणावतं आणि त्या दुणावलेल्या अक्षराचा स्वर दीर्घ होतो. 'मान्'पासून मीमांसा, 'बध्'पासून बीभत्स. म्हणजे मीमांसा आणि बीभत्स एकाच सूत्राच्या पोटची सख्खी भावंडं! ('मिमांसा' लिहिणाऱ्यांचा समाचार पुन्हा कधीतरी.)

अर्थ किळस, भीती नव्हे. अर्जुनाचं एक नाव 'बीभत्सु'. विराटपर्वात तो स्वतःच उत्तराला त्याचं कारण सांगतो: युद्धात मी बीभत्स कर्म कधी करत नाही. किळस येते, म्हणून बीभत्सु.

आता या सिनेमात किळस कुठे आहे? मेरी शेलीच्या 'फ्रँकेनस्टाइन' या १८१८च्या मूळ कादंबरीत तो बिननावाचा राक्षस आंधळ्या म्हाताऱ्याकडे मायेच्या आशेने जातो आणि त्याच्या मुलाचा मार खाऊन पळतो. १९७४च्या सिनेमातला आंधळा प्रेमाने वाढायला जातो आणि कढत सूप राक्षसाच्या मांडीवर ओततो. मग चिरूट पेटवायच्या नादात त्याचा अंगठाच पेटवतो. आपण हसतो, आणि कीव येते ती राक्षसाची.

यावर 'साहित्यदर्पण' हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणारे विश्वनाथ नाक मुरडणार, कारण त्यांच्या मते हास्यरसाचं भयानक रसाशी वैर आणि करुण रसाशीही. विश्वनाथांनी हा आंधळा पाहिला नव्हता, मान्य. पण 'नाट्यशास्त्र'वाला भरत तर वाचला होता ना? रसांना देवता वाटताना भरतमुनी शृंगार विष्णूला देतात, करुण यमाला, आणि हास्य देतात प्रमथांना! प्रमथ म्हणजे शंकराचे गण, भुताखेतांची वरात. धातू 'मथ्', घुसळणे. धसका आणि हसू पोटात एकत्र घुसळून काढतात ते प्रमथ. हा शेवटचा अर्थ भरताचा नाही, माझा आहे, आणि मी तो सोडणार नाही. तेव्हा माझा शब्द 'प्रमथहास्य'. रंगांतही भरताने हास्य पांढरं आणि भयानक काळा सांगितलाय. सिनेमाही नेमका कृष्णधवल.

'काळा विनोद' चालेल का? चालवा. 'बीभत्स' नको.

ता. क. : त्याच सिनेमात 'फ्राऊ ब्लूकर' हे नाव कुणी घेतलं की घोडे खिंकाळतात. 'ब्लूकर'चा जर्मन अर्थ सरस (चिकटवायचा), आणि सरस घोड्यांपासून करतात म्हणून ते घाबरतात, असं छातीठोक सांगणारे भेटतात. सरसाला जर्मनमध्ये 'लाइम' म्हणतात. हे साधं आडनाव आहे, वॉटर्लूला लढलेल्या प्रशियन सेनापतीचं.